पाण्यात सोडलेली साडी

२३ जुलै
गगनबावड्याकडं पावसाचं थांबायचं नाव न्हाय. काल पाणी गावच्या कमानीपाशी हुतं, आज दूध डेअरीच्या पायरीला. म्हणजे होडी सोडायची जागा परत बदलली. समुद्रवाल्यांचं बरं, किनारा जागेवर तरी असतो. आमचा रोज गावात सरकतो.

ट्रॉलीवर होडी, ट्रॉली माझ्या ट्रॅक्टरनं रिव्हर्समधी पाण्यात घालायची. मागं रमजानभाई काठीनं गटार चाचपत. चाकं बुडली की होडी आपसूक उचलती, मग ढकलायची. सांगायला सोपं. मागं बघून बघून मान ताठली.

होडीच्या इंजिनावर आमची पल्लवी. गेल्या साली ट्रेनिंग घेतलं, या साली थेट पुरात. सुनंदा चार घास खाऊन उठली. आईचा जीव.

२४ जुलै
दिवसभर अडकलेली माणसं आणायच्या खेपा. सोडणं एकवेळ परवडलं, परत घेणं वाईट. धारेच्या उलट तोंडानं यायचं, खालचा पंखा ट्रॉलीला लागू नये म्हणून ऐन वेळी इंजिन उचलायचं. उचललं की होडी मोकाट. तेवढ्यात दोरी टाकून ट्रॉलीवर ओढायची. पल्लवी आज आडवी आली, ट्रॉलीच्या लोखंडावर दाणदिशी आपटली. शिवी तोंडात आलती, गिळली. गावासमोर पोरीला काय बोलायचं.

घरात बोललो. उद्या उतर खाली, दुसऱ्या कुणाला बसू दे. तर म्हणती, "आबा, ट्रॉली तुमी नीट धरा, होडी मी धरते."

सुनंदा दोघांवरबी चिडलीया. माझ्यावर जास्त. ट्रेनिंगला सही कुणी केली म्हणती. मीच केलती की.

२५ जुलै
सकाळी सुनंदा शेजारणींना घेऊन आली. पूर आला की नदीची ओटी भरायची, आमच्यातली रीत. घाट पाण्याखाली, मग भरायची कुठं? जिथं पाणी तिथं. म्हणजे आमच्या ट्रॉलीपाशीच. नारळ, तांदूळ, हळदकुंकू, आणि हिरवी सुती साडी, लाल काठाची. तिच्याच ठेवणीतली. "माझी पोर माघारी दे," असं मोठ्यानं म्हणली. मी ट्रॅक्टरवरनं हात जोडले. साडी कडंला अडकली तर रमजानभाईनं काठीनं आत लोटली, जाऊ दे म्हणून. कुणाच्या डोक्यात काय आलं न्हाय. माझ्याबी न्हाय. इतकी वर्षं इंजिनं खोलतोय मी.

दुपारी पल्लवी माघारी येत हुती. होडीत एक म्हातारी, दोन शेळ्या. ट्रॉली अगदी जवळ आली आणि इंजिन घुरघुरून बंद. होडी फिरली, धारेला लागली. उसाच्या रानाकडं चालली, त्याच्या पलीकडं खरी नदी. मी ट्रॅक्टरवर. उडी टाकावी तर पवता येतंय कुठं मला. रमजानभाईनं दोरी फेकली, चुकली. परत फेकली, पोरीनं धरली, होडीला अडकवली. दोरीचं टोक ट्रॉलीला बांधलेलं. पहिला गिअर टाकला आणि हळूहळू ट्रॅक्टर वर काढला. शेळ्या वरडत हुत्या.

वर आल्यावर इंजिन उचलून बघितलं. पंख्याला साडी. गुंडाळून पार दोरखंड झालेली. पल्लवी चाकूनं कापत बसली. लाल काठ हाताला लागला तशी थांबली. मग परत कापाय लागली.

"आबा, आईला नका सांगू."

तुकडे ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समधी कोंबले.

घरी आल्या आल्या सुनंदानं इचारलं, साडी गेली का वाहून. म्हणलं, गेली. "मग घेतली गंगामाईनं," म्हणली, आणि आज पोटभर जेवली. मी अर्ध्या भाकरीवरनं उठलो.

२७ जुलै
पाणी उतरतंय. डेअरीच्या पायऱ्या दिसल्या, चिखल गुडघाभर. ट्रॉलीचं बेअरिंग पाण्यानं गेलं, दिवस त्यात. अंग मोडून आलंय, झोप मात्र न्हाय. डोळा लागला की ती होडी फिरती.

रमजानभाई म्हणला, वहिनींना सांगून टाका, पुढच्या पाण्याला सगळ्या बाया तिथंच सोडणार. म्हणलं, साडी लोटली कुणी, तूच सांग. तोंड पाडून गेला. उगाच बोललो. लोटली त्यानं, हात मीबी जोडलेच की.

२९ जुलै
धरणाची दारं उघडली. पाणी परत डेअरीच्या वर. पल्लवी सकाळपास्नं तिकडंच, इंजिनात तेल भरतीया. मी भाकरी खायला घरी आलतो.

सुनंदानं ट्रंक उघडलीया. दिवाळीला पल्लवीनं पहिल्या पगारातनं आईला घेतलेली जांभळी साडी बाहेर काढली. अजून घडी मोडली न्हाय तिनं, लग्नकार्यात नेसायची म्हणून.

"सुती दिली तर पोर माघारी दिली. ह्या खेपेला चांगली देते."

म्हणलं, ऱ्हाऊ दे, पल्लवीला वाईट वाटंल. तर म्हणती, पोरीपरीस साडी मोठी हाय व्हय? नारळ पिशवीत घातला. शेजारणींना निरोप गेलाय, त्याबी साड्या आणणार. ही ट्रॅक्टरवरनंच येणार माझ्यासंगं. मडगार्डवर बसली की टूलबॉक्स तिच्या पायापाशी येतो. तुकडे अजून त्यातच.

आता सांगितलं तर परत जेवायची न्हाय. न सांगावं तर

हाक मारतीया. पिशवी घेऊन बाहेर उभी हाय.