जिनाच्या फाटकावरची झडती

मु. बदनापूरजवळचा मळा
पौष वद्य पंचमी, सन १३४७ फसली

चि. रखमाजीस अक्काचा पोटभर आशीर्वाद. इकडं लेकरंबाळं, नातवंडं खुशाल. तुझा गुडघा कसा हाये? भावजयीला सांग, बिब्बा जरा कमी लाव, अंगावर थोडं कातडं राहू दे. लिहिणारी आमची सून नंदाबाई हाये, तव्हा शब्द माझे अन् शहाणपण तिचं. (हे बी लिही म्हणलं तर हसून राह्यली.)

सरकी काढायचं आपलं जिन बंद होऊन आठ वर्सं झाली. आधी तुझे दाजी गेले, मंग इंजिन गेलं. औंदा माझ्या पोरानं, भुजंगनं, रुईच्या तिन्ही कोठ्यांना चुना मारला, बाजा टाकल्या अन् हैदराबादचे लोक हवा बदलायला बोलावले. आता एकीकडं जवारीची राखण, दुसरीकडं पाव्हण्यांचं पाणी तापवणं. ज्या कोठीत आपण रुई तुडवायचो, तिथं रामराव वकील सहकुटुंब पाय पसरून राह्यले. पहिल्याच सकाळी दोघं बाहेर आले ते डोक्यापासून पांढरे! आढ्यात अडकलेली रुई वाऱ्यानं खाली आल्ती. वकीलीणबाई म्हणल्या, नवऱ्याचं म्हातारपण आजच पाहून घेतलं.

खरा बखेडा त्याच्या आदल्या दिवशी फाटकावर झाल्ता. तुला ठाऊक हाये, तुझे दाजी फाटकात बसून हरेकाची आगपेटी काढून घ्यायचे, पाटील असो की पाव्हणा. कापसाच्या आवारात काडी नको. तू मला पहिल्यांदा भेटायला आलास तव्हा तुझी बी काढली, अन् तू दोन दिवस रुसलास. आता ती जागा मी धरली. रामराव गाडीतून उतरले की मी त्यांच्या कोटाच्या खिशात हात घातला. असे वरडले, टेसनापर्यंत आवाज गेला असंल. चोर म्हणून धरायला गेले तर घरची म्हातारी! आगपेटी मी ओच्यात बांधली ती बांधलीच. बिडी वढायची तर वढ्यापलीकडं जा म्हणलं. हुरडा बी तिकडंच भाजायचा.

भुजंग म्हणतो, माय, इथं आता कापसाचं बोंड न्हाई, तू कशाची राखण करती? (नंदाबाईनं हे लई जल्दी लिहिलं.) पण दुपारी फाटकात बसलं की गाड्यांची रांग दिसती, बायांच्या केसातली रुई दिसती, इंजिनाचा ठोका छातीत लागतो. लोक परत न्यायला विसरलेल्या आगपेट्या तुझ्या दाजींच्या डब्यात अजून हायेत. त्यात एक तुझी.

तर पोराचं म्हणणं, पाव्हणे हायेत तवर, होळीपर्यंत, मी तुझ्याकडं राहावं. मला बी माहेरची ओढ हायेच. तुझा होकार आला की तो गाडी जुंपून धाडतो म्हणतो.

तुझी अक्का (अंगठा)

ता.क. भावजयीला सांग, मला जेवायला थोडंच लागतं.

आणखी ता.क. अक्षर बदललं म्हणून दचकू नको. नंदाबाई धार काढायला गेली, हे वकीलीणबाईंकडून लिहून घेते. टपालात बी त्याच टाकतील. होकार बिलकुल देऊ नको. जागा न्हाई म्हण, गुडघा म्हण, भावजयीचं अन् माझं पटत न्हाई म्हण (ते खरंच हाये). भुजंग मामाचा शब्द मोडत न्हाई. मी फाटक सोडलं तर तुझे दाजी बसायचे तिथं कोण बसंल? लिहिल्याबद्दल बाईंना वकिलाची आगपेटी परत दिली. काड्या तेवढ्या काढून घेतल्या.