लढतीआधीचं वाकणं

९ जानेवारी १९८३, रविवार
काल सिनेगॉगमध्ये बोललो. बऱ्याच दिवसांनी असा आवाज लागला. विषय, आमच्या रीनाचं थाई बॉक्सिंग. मुलीचं नाव घेतलं नाही, पण डिमोनासारख्या छोट्या गावात कोणाला कळायचं राहिलंय? ठोसे, लाथा, कोपरं, गुडघे, सगळं मान्य. बावीस वर्षांची आहे, आर्मी करून आली, अंगात रग आहे. पण गुरुवारी बिल्डिंगखालच्या बॉम्बशेल्टरमध्ये तिच्या क्लासात डोकावलो, तर लढतीआधी ही गुडघ्यांवर बसून तीनदा डोकं जमिनीला! "कोकणात चहूकडे देवळं असताना आमच्या शनवार तेल्यांनी, बेने इस्रायलींनी, मान वाकवली नाही, आणि इथे, इस्रायलात?" म्हाताऱ्यांचे डोळे भरले.

१० जाने.
सिनेगॉगच्या कमिटीने शेल्टरची किल्ली काढून घेतली. क्लास बंद. मी वाकणं बंद करा म्हणालो होतो, क्लास नव्हे. तसं म्हणालो होतो ना? लोकांचे चेहरे तेवढे आठवतात. शिकवणाऱ्या मेइरने, बँकॉकला शिकून आलेल्या जुन्या खलाशाने, चटया गुंडाळल्या.

१२ जाने.
रीना तीन दिवस माझ्याशी हिब्रूतच. पप्पाचा अब्बा झालो. आज मात्र अख्खं मराठीत: "वीस वर्षांपूर्वी रब्बी लग्न लावण्याआधी आपल्या लोकांना विचारत होते, तुमची आजी ज्यू होती का. तेव्हा तुम्ही जेरुसलेमच्या रस्त्यावर ओरडलात, आम्हाला तपासणारे तुम्ही कोण! इतक्यांदा ऐकलंय की पाठ आहे. आणि मला एका शब्दाने विचारलं नाहीत."
"मग सांग, कोणापुढे वाकतेस?"
"मेइरपुढे. शिकवतो म्हणून. देव तुम्ही कुठून आणलात?"
मी कपाटातून धर्माची पुस्तकं काढली. ती उठून गेली.

१७ जाने.
र. दूर दक्षिणेला, एलातला गेली. हॉटेलात नोकरी, मेइरही तिथेच शिकवणार. तिच्या आईने, साराने, चपात्या बांधून दिल्या, बसपर्यंत गेली. मी कारखान्यात. शिफ्ट बदलता आली असती.

२३ जाने., रवि.
कमिटीचे शालोमकाका: "किल्ली तुमच्या तोंडाने गेली, तुमच्याच तोंडाने येऊ द्या. शनिवारी बोला. आणि जरा आखूड."

२६ जाने.
चार कागद फाडले. वाकणं बरोबर, असं लिहवत नाही. अजून पटलेलं नाही. न विचारता बोललो, एवढंच खरं. पण त्याचं भाषण...

३० जाने., रवि.
काल उभा राहिलो. "मुलीला न विचारता मी तिच्याबद्दल बोललो." एवढंच. मागून रूबेनमामा, "मग वाकणं चालतं म्हणता?"
"नाही."
"आणि किल्ली?"
"द्या परत."
"हे काय बोलणं झालं!" लोक हसले. कमिटी ठरवील म्हणे.

१ फेब्रु.
गुरुवारी एलातला र.ची पहिली लढत. फोन साराला आला. पप्पांना सांग, असं म्हणाली नाही. सांगू नकोस, असंही नाही. सारा बसची तिकिटं काढायला निघालीय.
"येताय?"
"दोन काढ."
दारात थांबली. "ती वाकणारच. तेव्हा उठून जाणार असाल, तर आत्ताच सांगा. मग मी एकच काढते."
ती चपला घालून उभी आहे आणि मी इथे हे लिहीत बसलोय.