फ्लॅपला बांधलेली लाल नाडी

लाडक्या आईला, रिस्तेनचा गोड पापा.

मी आणि नीलासमामा दोघं सुखरूप आहोत, हे आधी सांगते. रेनडिअरही निवांत चरतायत. तुझा गुडघा कसा आहे?

काल ओढ्याजवळ आमची स्नोमोबाइल भुसभुशीत बर्फात रुतली. मी रिव्हर्स टाकणार, तोच नीलासमामा मागच्या घसरगाडीवरून ओरडला, “अगं थांब! मागचा रबरी फ्लॅप खालच्या फिरत्या पट्ट्यात ओढला जाऊन फाटेल. मग तंबूपर्यंत सगळा बर्फ माझ्याच तोंडावर!”

फ्लॅप वर बांधायचा, तर नेमकी दोरी सापडेना. शेवटी तू विणलेली माझ्या बुटाची लाल नाडी सोडली आणि फ्लॅप सीटमागच्या दांडीला घट्ट आवळला. घसरगाडी सोडवून स्नोमोबाइल अलगद मागे घेतली. फ्लॅपला ओरखडासुद्धा नाही!

सैल बुटात बर्फ शिरून बोटं पांढरी पडली, पण आता ऊब येऊन पुन्हा लाल झालीत, घाबरू नकोस. नाडीचाही एक धागा उसवला नाही. आई, तुझ्या हातांचे किती उपकार मानू?

मामाचा तुझ्यावरचा राग अजून आहेच. पण चहा पिताना ती नाडी बोटांत फिरवत म्हणाला, “तुझी आई अजून विणते का गं? बूट मलाही आहेत म्हणावं.”

तुझीच,
रिस्तेन