दर वर्षी एक आठवडा समुद्र

इंदापूर,
मंगळवार

प्रिय झुंबर,

जय भीम. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. फोन कापता येतो. पत्र हातात पडलं की माणूस वाचतोच.

संताप झालाय माझा, आणि तो आधी त्या सुट्टी-क्लबवाल्यांवर काढतो. पेट्रोल पंपावर कुपन भरून घ्यायचं, ‘बक्षीस लागलं, जोडीनं या’ म्हणून बारामतीच्या हॉटेलात बोलवायचं. जोडीनंच का? तर ‘घरी विचारून सांगतो’ म्हणायची सोय उरू नये! चार तास थंडगार हॉलमध्ये बसवायचं, जेवण लांबवायचं, आणि माणूस कंटाळून मऊ पडला की करार पुढं सरकवायचा. पंचवीस वर्षं, दर वर्षी एक आठवडा, समुद्रकाठी खोली. खोली आपली नाही, आठवडासुद्धा आपण म्हणू तो नाही. आपली फक्त सही. जा नाहीतर जाऊ नका, देखभालीचे पैसे दर वर्षी भरा. करार संपेल तेव्हा तू चौऱ्याऐंशीचा असशील. दरोडेखोर बरे, ते निदान आपल्याकडून सही घेऊन जात नाहीत.

दोन महिने मी त्यांच्या मागं आहे. करार रद्द करा म्हणून तीन पत्रं पाठवली, उत्तर नाही. बारामतीच्या ऑफिसात गेलो तर तिथं आता मोबाईलची कव्हरं विकतात. पुण्यात गेलो तर काचेमागची मुलगी म्हणाली, “काका, दहा दिवसांत कळवायचं होतं.” कुठं लिहिलंय विचारलं, तर तिनं सतराव्या पानाच्या तळाशी बोट ठेवलं. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. तीस वर्षं पोरांना वाचायला शिकवलं मी, आणि ते पान उलटलंही नव्हतं.

आता तुझ्याकडं येतो. इतका वेळ येत नव्हतो, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

त्या दिवशी त्या टायवाल्या पोरानं नुसतं विचारलं, “सर, दोन शब्द बोलता का?” हातात माईक आला की माझं काय होतं, ते तुला पाचवीपासून ठाऊक आहे. विश्रांती हा कष्टकऱ्याचा हक्क आहे, म्हणालो. ज्यांच्या आज्यांना पाणवठ्यावर पाण्याला हात लावू दिला नाही, त्यांच्या नातवांनी समुद्र बघायचा नाही का, म्हणालो. तेवढ्यावरही थांबलो नाही, तुझ्याकडं बोट केलं. “हा आमचा पणदऱ्याचा झुंबर! साखर कारखान्यात चौतीस वर्षं फिटर. हंगामात गाळप, हंगाम संपला की मशिनरीची दुरुस्ती. या माणसानं सुट्टी घ्यायची कधी?” हॉलनं टाळ्या वाजवल्या. तू खाली मान घालून हसलास. चारचौघांत एवढा मान दिल्यावर तू नाही कसा म्हणणार होतास? पेन पहिल्यांदा तूच उचललंस, माझी सही तुझ्यामागून. साखरवहिनी तुझी बाही ओढत होत्या, ते मला स्टेजवरून दिसत होतं. दिसत होतं, आणि मी बोलत राहिलो.

तुम्हाला आठवडा मिळाला तो जूनचा. दोन एसट्या बदलून, भर पावसात तुम्ही दोघं कोकणात पोचलात आणि फाटकावर पाटी होती, ‘दुरुस्ती सुरू आहे’. जन्मभर दुरुस्ती करून पहिल्यांदा सुट्टीवर निघालेल्या माणसाला हे बघावं लागलं! मी भेटायला आलो तेव्हा तू गोठ्यात जाऊन बसलास. वहिनींनी चहा दिला आणि म्हणाल्या, “भावजी, तुमचं भाषण लई ग्वाड. पन त्यात ऱ्हायला खोली न्हाय.”

पण हे पत्र माफी मागायला लिहिलेलं नाही. गेल्या सोमवारी कंपनीचं पाकीट आलं. माझा करार रद्द, सगळे पैसे परत. अट एकच: याबद्दल मी कुठं बोलायचं नाही, लिहायचं नाही, दुसऱ्या सभासदाला मदत करायची नाही. माझं तोंड विकत मागितलंय त्यांनी. तुला वाटेल, रामहरीनं कागद तिथंच भिरकावला असेल. नाही रे. आठ दिवस तो माझ्या टेबलावर होता, आणि दोनदा मी पेनाचं टोपण काढलं. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतोय. सही केलेली नाही. तोच कागद सोबत पाठवतोय, आणि ग्राहक आयोगात द्यायची आपल्या दोघांची तक्रारही. माझं त्या दिवशीचं भाषण तिच्यात मीच लिहिलंय, एक वाक्यही न गाळता. पहिल्या नावाची जागा तुझ्यासाठी मोकळी आहे, मी खाली. कुणी सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः पारखा, असं तथागतांचं सांगणं मी विहारात वर्षानुवर्षं सांगत आलो, आणि तुला मात्र माझ्या आवाजावर सही करायला लावली. या वेळी माझं ऐकू नकोस. चष्मा लाव, वहिनींना शेजारी बसव, ओळ न ओळ मोठ्यानं वाच. त्यांनी बाही ओढली, तर सही करू नकोस.

तुझ्याच बाकावरचा, तुझाच
रामहरी