पथ्य सुटलं

मंगळवार, संध्याकाळ

डॉक्टर म्हणाले, "आता चिमीला पथ्य नको. मागेल ते खाऊ द्या." अर्थ मला तिथेच कळला. कॅन्सरवर आता औषध चालत नाही, एवढाच.

जाऊबाईंनी मात्र आळीभर सांगितलं, "पोरीचं पथ्य सुटलं गो, बरी झाली!" पेढेसुद्धा आणले! असा संताप आला... पेढे भिरकावले का नाहीत मी?

आठ महिने चिमी सुका बोंबील मागत होती. आठ महिने मी नाही म्हटलं. कशासाठी पाळलं ते पथ्य? आज बोंबील भाजून दिला. अर्धाच खाल्ला आणि विचारलं, "आई, मी बरी झाले ना?"

"व्हय," म्हटलं मी.

आता जाऊबाईंवर कुठल्या तोंडाने चिडू?