आईचे पाय, माझा बँड

३१ डिसेंबर, दुपारी चार

मी दहा वर्षांची असताना आई एकदा म्हणाली होती, तुला शिकायचं नसतं, तुला पिशवी हवी असते.

चित्रकलेचा क्लास मी तिसऱ्या दिवशी सोडला होता. ब्रश ठेवायची कापडी पिशवी मात्र पुढे वर्षभर खांद्याला अडकवून हिंडत होते. चौतीस वर्षं झाली, ते वाक्य अजून टोचतं. यंदा त्याचा निकाल लावायचा. यंदा पिशवी नाही.

संकल्प, क्रमाने. पहाटे पाचला उठणे. रोज दहा हजार पावलं. लिफ्ट बंद. आईला चालतं करणे.

चौथा सगळ्यात मोठा. नोव्हेंबरात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ती आमच्याकडे आहे, मुलीच्या खोलीत. तिचं स्वतःचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. चोपन्न पायऱ्या. फिजिओताईंनी सांगून ठेवलंय, चोपन्न पायऱ्या न थांबता, कोणाचा हात न धरता चढल्या की आजी आपल्या घरी. सध्या आई चार चढते आणि पाचवीला नावं ठेवते. माझ्या हिशेबाने जून उजाडेल.

तिला मोटिव्हेट मीच करणार आहे. घाई काही नाही.

१ जानेवारी, सकाळी सव्वानऊ

गजर झाला नाही. फोन बिघडला असावा. तसंही पहिला दिवस कोणी धरत नाही.

रात्रीची भर: संध्याकाळी बँड आणला. मनगटाला बांधायचा. पावलं मोजतो, चढलेले मजले मोजतो, आकडे माझ्या फोनमध्ये येतात. सोबत बूट आणि तासांच्या रेघा आखलेली पाण्याची बाटली. ही पिशवी नव्हे. ही साधनं आहेत. नवरा म्हणाला, मी कुठे काय बोललो?

३ जानेवारी

लॅबच्या रिपोर्ट काउंटरवर मी अकरा वर्षं बसते. ‘बसते’ हा शब्द आज पहिल्यांदा खटकला. दिवसभराची पावलं अकराशे चाळीस. त्यातली तीनशे चहाची.

आमच्या डॉक्टरीणबाईंनाही नवीन वर्ष लागलंय. त्यांनी जाहीर केलं, जानेवारीभर स्टाफमध्ये पावलांची स्पर्धा, सगळ्यांच्या फोनमधले आकडे आपोआप एका यादीत, एक फेब्रुवारीला बक्षीस. रक्त काढणारा आमचा टेक्निशियन, ज्याला सगळे सुई म्हणतात (हातामुळे नाही, जिभेमुळे), मला म्हणाला, मॅडम, बँड तुमच्या खुर्चीला बांधा, ती जास्त फिरते. सगळे हसले. मीही हसले. खिलाडूवृत्ती हवी.

उद्यापासून बघा म्हणावं.

५ जानेवारी

बँडने मनगटाला खाज येते. तात्पुरता आईच्या हाताला बांधला. त्यानिमित्ताने ती दिवसभरात किती हलते तेही मला कळेल. आईने विचारलं, हे वेळ सांगतं का? सांगतं म्हटलं. मग राहू दे, म्हणाली.

६ जानेवारी

आईची पावलं तीन हजार दोनशे. स्पर्धेच्या यादीत ती पावलं माझ्या नावासमोर लागली. दुरुस्त कसं करायचं ते सापडलं नाही. फार शोधलंही नाही. घरातलीच आहेत.

९ जानेवारी, संध्याकाळी

आता पद्धत बसली आहे. आमच्या इमारतीतही मजल्याला अठराच पायऱ्या, म्हणजे तळापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत बरोबर चोपन्न. मी लॅबमधून आले की आई तळापासून जिना चढायला लागते आणि मी लिफ्टने वर जाऊन तिची वाट बघते. ध्येय डोळ्यांसमोर असलं की माणसाला ओढ लागते. लिफ्टबंदी मोडली असं कोणी म्हणेल, पण हा लिफ्टचा प्रवास आईच्या खात्यातला आहे.

आज ती वर येईना म्हणून खाली उतरून गेले. नवव्या पायरीवर होती. म्हटलं, पुरे, बस आता. ती म्हणाली, तू बस, तुला धाप लागलीय.

उतरतानाही लागते. कोणी सांगत नाही हे.

१३ जानेवारी

बँड बिघडलाय. गेले चार दिवस रोज पहाटे पाच वीस ते सहा या वेळात तीन-तीन मजले चढल्याची नोंद. त्या वेळी आमच्या घरात कोणीही जागं नसतं. (माझा गजर अजूनही होत नाही.) दुकानात नेला. दुकानदाराने विचारलं, बँड तुम्हीच वापरता ना? म्हटलं, मग कोण? त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाला, बिघडलाय.

दुरुस्तीला तीन आठवडे लागतील म्हणे. म्हणजे स्पर्धा संपेल. तसाच परत आणून आईच्या हाताला बांधला. बिघाडही माझाच आहे, बाहेरून आणलेला नाही.

१६ जानेवारी

लॅबमध्ये मी दुसरी!

सुई तिसरा. दिवसभर माझ्या काउंटरपाशी घुटमळत होता. शेवटी विचारलंच, मॅडम, चालता कधी? मी म्हटलं, पहाटे. खोटं बोलले नाही. बँड पहाटेच चालतो.

या यशाने माझ्यात फरक पडलाय. आज एका गृहस्थांच्या हातात साखरेचा रिपोर्ट देताना आपण होऊन सांगितलं, काका, सातत्य ठेवा, मी ठेवलंय. त्यांनी रिपोर्ट घेतला आणि पैसे सुटे आहेत का विचारलं.

१८ जानेवारी

आई आज बाविसाव्या पायरीला थकले म्हणाली आणि तिथेच टेकली. मला फार वाईट वाटलं. तिला लिफ्टने घरी आणलं, चहा केला, बिस्किटांचा नवा पुडा फोडला, मुलीला बोलावून तिघींनी पत्ते मांडले. आई दोन डाव जिंकली. मला इतकं वाईट वाटलं होतं की रात्रीच्या जेवणाला मी दोनदा भात घेतला.

एक नोंद करून ठेवते. मी घरी आले की आई विचारते, आज कोणाची साखर जास्त? नाव सांगता येत नाही, आकडा सांगते. ती म्हणते, अरे देवा, आणि मग आम्ही त्या बिनचेहऱ्याच्या माणसाची काळजी करत बसतो. अकरा वर्षांत माझ्या लॅबबद्दल या घरात दुसऱ्या कोणी काही विचारलेलं नाही. नवऱ्याला अजून वाटतं, आमच्याकडे एक्स-रे काढतात.

२२ जानेवारी

संकल्पांचा आढावा. पाचला उठणे हे बदलून सहा पंचेचाळीसला मन प्रसन्न ठेवून उठणे, असं केलं आहे. लिफ्टबंदी फक्त खाली जाताना, आणि हातात सामान नसेल तर. पाण्याच्या बाटलीवर दुपारी दोनची रेघ आहे, तिथवर मी संध्याकाळी सातला पोचते, पण पोचते.

आईचं जूनचं जमेल असं वाटतं. कदाचित जुलै. आज तिला म्हटलं, पावसाळा संपेपर्यंत थांबलीस तरी चालेल, ओल्या जिन्यावर पाय घसरतो. ती म्हणाली, माझा जिना आतून आहे गं, त्याच्यावर पाऊस पडत नाही.

या वयात माणसं हट्टी होतात.

२६ जानेवारी

पहिली! मुलीला यादी दाखवली. ती म्हणाली, आई, हे चीटिंग आहे, आजीचे पाय आहेत ते. मी समजावलं की हे टीमवर्क आहे. मग तू टीममध्ये काय करतेस, तिने विचारलं. मी वर उभी असते, म्हटलं.

आई पलंगावर बसून ऐकत होती. हसली. ते हसू मी ओळखते, पण कुठलं ते आठवेना.

३१ जानेवारी

एक लाख बासष्ट हजार पावलं. विजेती. ऐटीत मुठी वळून स्वयंपाकघरात एक फेरी मारली. बँड आईच्या हाताला होता, त्यामुळे ती मोजली गेली नाही.

१ फेब्रुवारी

लिहू की नको असं झालंय.

डॉक्टरीणबाईंनी सकाळी सांगितलं, समारंभ चौथ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, आणि आपण सगळे जिन्याने जाणार, आपल्या विजेतीच्या मागोमाग. टाळ्या. पहिला मजला मी हसत चढले. दीड मजल्याला भिंतीवरची सूचना थांबून वाचली, आग लागल्यास जिन्याचा वापर करावा. दोनदा वाचली. दुसऱ्या मजल्यावर सुईने माझी नाडी धरली आणि घड्याळाकडे बघत म्हणाला, मॅडम, बोलू नका. मागे आठ जण रांगेत उभे. कोणीतरी खाली पळत जाऊन माझीच खुर्ची लिफ्टने वर आणली. मी तिच्यात बसले. पुढे चौथ्या मजल्यापर्यंत लिफ्टनेच नेलं, खुर्चीसकट. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

भाषणात म्हटलं, या यशाचं सगळं श्रेय माझ्या आईला जातं. दोघीतिघींच्या डोळ्यांत पाणी आलं.

बक्षीस वेष्टनात होतं. घरी येऊन उघडलं.

पिशवी निघाली.

म्हणजे प्रवासाची बॅग, लाल, मोठी, दोन्ही बाजूंना कप्पे. आईने हातात घेतली, चेन मागेपुढे केली, बंद ओढून पाहिले. मला वाटलं, आता ते वाक्य येणार. आलं नाही. दणकट आहे, एवढंच म्हणाली.

३ फेब्रुवारी, संध्याकाळी

फिजिओताई तपासायला आल्या होत्या. आई म्हणाली, आज बाहेर जिन्यावर बघा. मी नेहमीप्रमाणे वर जाऊन उभी राहायला निघाले. लिफ्ट आधी पहिल्या मजल्यावर थांबली, कोणीतरी गादी आत घेत होतं. मग दुसऱ्या मजल्यावर गादी बाहेर काढत होते. तिसऱ्या मजल्याला दार उघडलं तर समोर आई. तिथल्या बाईंच्या कुंडीतलं पिवळं पान खुडत उभी होती आणि पाणी जास्त घालता तुम्ही, असं त्यांना सांगत होती. धाप नाही. कठडाही धरलेला नाही. मागून फिजिओताई आल्या, त्यांना मात्र लागली होती. म्हणाल्या, आजी, पास.

घरी येऊन आईने सगळं सांगितलं. महिनाभर ती पहाटे जिना चढत होती. पाचला तिला जाग येतेच. माझा गजर तीच बंद करत होती, तुझी झोप कशाला मोडायची म्हणून. मी विचारलं, मग संध्याकाळी नाटक कशाला? ती म्हणाली, तुझ्यासमोर चढलं की नवव्या पायरीपासून बस बस करतेस. आणि पावलांचं? मला वाटलं, आता रागावेल. म्हणाली, शाळेत तुझं शिवण कोण पुरं करायचं? तेव्हाही नंबर तुझाच यायचा.

मग म्हणाली, रविवारी जाते.

फ्रिजवरच्या तक्त्यात चौथ्या संकल्पापुढे बरोबरची खूण केली. चारातला एक पुरा झाला. आणि तोही नेमका हाच.

६ फेब्रुवारी

आईने आवराआवर केली. म्हणाली, तुझी ती लाल बॅग दे, तुला काही लागत नाही ना सध्या? साड्या, औषधं, चष्म्याची डबी, जुनी काठी दुमडून, सगळं मावलं. कप्पेसुद्धा कामाला आले. बँड काढून तिने फ्रिजवर ठेवला. मी आज बांधला. दोनशे बारा पावलं. संध्याकाळी फोनवर बँडचा संदेश आला, तुम्ही ठीक आहात ना?

मुलगी आपली खोली परत मिळणार म्हणून खूश असेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, आजीला तिकडे पत्ते खेळायला कोण आहे? आई म्हणाली, तिकडे खालच्या मजल्यावर तिघीजणी वाट बघताहेत. मला हे माहीतच नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं.

७ फेब्रुवारी, सकाळी सात

आज पाचला जाग आली. गजराशिवाय. बूट घालून बाहेर गेले तर आई जिन्याच्या तळाशी पदर खोचून उभी. थोडी बाजूला सरकली. दोघी चढू लागलो. पहिल्या मजल्यापर्यंत ठीक होतं. बाविसाव्या पायरीला माझ्या छातीचा भाता झाला. आई चार पायऱ्या वर होती. वळून म्हणाली, पुरे, बस आता.

बसले. तीही खाली येऊन शेजारी टेकली. गुडघ्यावरून हात फिरवत होती, स्वतःच्या नाही, माझ्या. म्हणाली, काल त्या आकड्याचं काय झालं, साखर चारशेवाल्याचं? म्हटलं, आला होता परत, तीनशे दहा आहे. अरे देवा, म्हणाली, पण उतरली हो. बराच वेळ आम्ही त्याचंच बोलत बसलो.

आज संध्याकाळी चहाच्या वेळी तिला विचारणार आहे. वाक्य तयार आहे, आई, मला चोपन्न जमेपर्यंत राहतेस का? सध्या बावीस जमतात. माझ्या हिशेबाने जून उजाडेल.

ती नाही म्हणणार. बॅगेची चेन तिने कालच लावून टाकली आहे.

तरी विचारते.