हंगाम सरेपर्यंत

जर्मनी, २ मार्च

ती. सुगंधाताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर मी दोन मिनिटांत पळतो म्हणून पत्राची शिक्षा दिलीस. आता भोग माझं अक्षर. इथलं हँडबॉल म्हणजे सात-सात जण, हातानं गोल मारायचा. आमचा क्लब मोठा, करंडकांना कपाटं पुरत नाहीत. आपण फणस चिरताना चीक लागू नये म्हणून हाताला खोबरेल लावतो. हे लोक चेंडू सुटू नये म्हणून मुद्दाम बोटांना राळ फासतात. ती चेंडूंवरून, जमिनीवरून काढायची, हे माझं काम. बंदरावरचे पक्षी तर हातातला पाव पळवतात... असो, कुठे होतो मी? हां. काम बरं आहे, पण पाय वळवळतात. इथला मित्र शौनक नॉर्वेला मासेमारीच्या बोटीवर जाणार आहे. एप्रिलमधला करंडकाचा अंतिम सामना झाला की मीही जावं म्हणतो. बाबांना सांगू नकोस. ते अजून माझं नाव काढत नाहीत ना?

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
ओंकार

मिठबाव, २० मार्च

चि. ओंकारास,
अ. उ. आ.

तारकर्लीची बोट, खारेपाटणचं गॅरेज, सगळं अर्ध्यावर सोडलंस. निघताना बाबांनी बजावलं होतं, एक तरी काम शेवटापर्यंत ने, मगच या घराची पायरी चढ. विसरलास?

नॉर्वे मी गिळलं, पण राळेचं वाचून दाखवलं. बाबा हसले नाहीत. मात्र परवा रामेश्वरासमोर गाऱ्हाणं घालताना, गावाचं आणि आंब्याचं मागून झाल्यावर, त्यांनी तुझ्या क्लबाला यश मागितलं. क्लब हरला तर तुझी नोकरी जाणार, असं त्यांनी मनाशी धरलंय. मानकऱ्यांनी काही न समजता ‘होय महाराजा’ म्हटलं. बाळाकाका अजून विचारतायत, ही जर्मनीतली आपली कुठली भावकी. आता नॉर्वेला जायचं तर देवालाच कळव.

वेळेवर जेव, आठवण राख.
सुगंधा

जर्मनी, २२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हरलो गो. एका गोलानं. शेवटची फेक खांबाला लागली. रामेश्वर बहुतेक फुटबॉल समजून बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शौनकची गाडी क्लबच्या दारात, माझी बॅग भरलेली. शेवटचं म्हणून चेंडू पुसायला बसलो. आमचा ताडमाड गोलरक्षक बाकावर टॉवेल डोक्यावर घेऊन बसला होता. तो उठला, त्यानं फडकं घेतलं आणि माझ्या शेजारी चेंडू पुसू लागला. मला उठवेना. शौनक एकटाच गेला. नोकरी शाबूत आहे, लीगचे सामने जूनपर्यंत चालतील. पण बाबांचं गाऱ्हाणं फुकट गेलं. आता ते मला पायरीला उभं करतील का, एवढं विचारून कळव.

आहे तो लोभ तसाच ठेव.
ओंकार

मिठबाव, ८ मे

चि. ओंकारास,
अ. उ. आ.

तुझं पत्र बाबांना सगळं वाचून दाखवलं, नॉर्वेसकट. ते खळ्यात फणस चिरत होते. गोलरक्षकाचं मला पुन्हा वाचायला लावलं. मग हाताचं तेल पुसलं. मला वाटलं, तू कधी येणार ते विचारतील. पण ते म्हणाले, आत्ताच्या आत्ता लिही आणि मी सांगतो तसंच लिही: “ओंकार, हरलेल्यांका अर्ध्यार सोडून येव नको. हंगाम सरलो की ये. पायरी थंयच आसा.”

तुझं नाव घेतलं रे त्यांनी.

जूनमध्ये पायरीवर शेवाळ धरतं. जपून चढ. बाकी लोभ समोरासमोर.
सुगंधा